घराच्या करसवलतीचे पैसे नेमके कोणाच्या खिशात जातात? (मुद्रांक शुल्क, जीएसटी, गृहकर्जाचे व्याज)

पायवाट

घरासाठी करसवलत जाहीर झाली की "ग्राहकांना दिलासा" असा मथळा येतो. तो दिलासा खरेच ग्राहकाला मिळाला का, हे मात्र कोणी तपासत नाही. म्हणून हा धागा. आकडे आणि नियमांसह लिहा, मोघम नको.

सुरुवात मुंबईच्या मुद्रांक शुल्कापासून करतो. करोनाच्या वर्षी राज्य सरकारने ते ५ टक्क्यांवरून १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळासाठी २ टक्क्यांवर आणले. १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ या काळात ते ३ टक्के होते, एप्रिलपासून पुन्हा ५. आज मेट्रोचा १ टक्का अधिभार धरून ६ टक्के आहे.

१ कोटीच्या फ्लॅटवर ३ लाख वाचले, हे उघड आहे. वेगळा करार नसेल तर कायद्याने हे शुल्क खरेदीदाराने भरायचे असते, म्हणून सवलतही त्याचीच असे आपण धरून चालतो. पण सवलतीआधी बिल्डर भावात ३ लाख सोडायला तयार होता आणि सवलत लागू होताच त्याने ती घासाघीस बंद केली, तर चलनावर खरेदीदाराचे ३ लाख वाचले आणि करारनाम्यात तेवढेच गेले. सरकारने सोडलेला महसूल बिल्डरकडे पोचला. कर कोणी भरायचा हे कायदा ठरवतो. त्याचा भार कोणावर पडतो हे मात्र ज्याला सौद्याची घाई जास्त त्यावर ठरते. त्या वर्षी न विकलेल्या घरांचे ओझे बिल्डरांवर होते, त्यामुळे २०२० च्या अखेरीस खरेदीदाराच्या पदरात बरेच पडले असावे असे माझे मत आहे. तेजीत तीच सवलत दिली असती तर उलटे झाले असते.

कोष्टक

पायवाट, मांडणी पटली, पण मुद्रांक शुल्कातले ३ लाख आणि भावातले ३ लाख यांना एकच धरू नका. कर्ज काढून घर घेणाऱ्यासाठी या दोन रकमांत फार फरक आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि ३० लाखांपर्यंत ९० टक्के. ही टक्केवारी काढताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी किमतीत धरत नाहीत (१० लाखांपर्यंतच्या घरांचा अपवाद). म्हणजे शुल्क रोखीने, स्वतःच्या खिशातून.

२ कोटींचे घर, शुल्क ५ टक्के: स्वतःचे ५० लाख, शुल्क १० लाख, नोंदणी फी ३० हजार. एकूण ६० लाख ३० हजार हातात हवेत.
शुल्क २ टक्के झाले: ५० + ४ + ०.३ = ५४ लाख ३० हजार.

आता शुल्क ५ टक्केच ठेवून फक्त भाव उतरवून ही ५४ लाख ३० हजारांची पातळी गाठायची तर भाव किती उतरायला हवा? १ कोटी ८० लाखांवर. ४५ + ९ + ०.३. म्हणजे रोख उभी करण्याच्या दृष्टीने शुल्कातली ६ लाखांची सूट ही भावातल्या २० लाखांच्या सुटीइतकी काम करते. त्या चार महिन्यांत निबंधक कार्यालयांत रांगा का लागल्या, याचे उत्तर बरेचसे इथे आहे. ज्यांचे हप्ते परवडत होते पण सुरुवातीची रोख जमत नव्हती, ते लोक एकदम बाजारात आले.

दस्तखत

कोष्टक, +१.

त्या काळाचे आकडे वाचताना एक चूक सर्रास होते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत १९ हजारांहून जास्त दस्त नोंदले गेले आणि जानेवारीत सुमारे १० हजार. यावरून "सवलत कमी होताच मागणी निम्मी झाली" असे लिहिले जाते. ते दोन कारणांनी कच्चे आहे.

एक, नोंदणी कायद्याच्या कलम २३ प्रमाणे दस्त सही झाल्यापासून ४ महिन्यांत नोंदणीला सादर करता येतो. शुल्काचा दर लागतो तो दस्त करून दिल्याच्या तारखेचा. त्यामुळे ३१ डिसेंबरपर्यंत शुल्क भरून सह्या केलेल्यांनी पुढच्या चार महिन्यांत सवडीने नोंदणी केली. जानेवारी ते एप्रिलच्या आकड्यांत २ टक्केवाले कितीतरी आहेत.

दोन, डिसेंबरच्या गर्दीतले बरेच जण तसेही सहा-आठ महिन्यांत घर घेणारच होते, त्यांनी तारीख अलीकडे ओढली. सवलतीने नवे खरेदीदार किती आले हे बघायचे तर शिखराचा महिना न पाहता आधीची आणि नंतरची बारा-बारा महिने बेरजेने पाहावीत. आणि ५ चे २ टक्के केल्यावर महसूल तेवढाच राहायला दस्त अडीचपट व्हावे लागतात, हेही डोक्यात असू द्या.

भाव खरेच उतरला की नाही हे कोणालाही तपासता येते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) मिळते. त्यात एवढ्या रकान्यांकडे पाहा:

(२) मोबदला: करारातली किंमत
(३) बाजारभाव: रेडीरेकनरने (सरकारी दरतक्त्याने) आलेली किंमत
(५) क्षेत्रफळ
(९) दस्तऐवज करून दिल्याचा दिनांक
(१०) दस्त नोंदणी केल्याचा दिनांक
(१२) बाजारभावाप्रमाणे मुद्रांक शुल्क

(२) ला (५) ने भागा, म्हणजे चौरस मीटरचा दर आला. एकाच इमारतीतले ऑगस्ट २०२० आधीचे आणि नंतरचे दस्त शेजारी ठेवा, मात्र लावताना (९) ची तारीख धरा, (१०) ची नव्हे. क्षेत्रफळ काही दस्तांत कार्पेट (भिंतींच्या आतले) तर काहींत बिल्टअप (भिंती धरून) असते. ते न बघता भागाकार केला तर दर वीस-पंचवीस टक्क्यांनी चुकतो आणि निष्कर्षच उलटा निघतो. मजला आणि पार्किंग यांचाही फरक वजा करा.

वाळूघड्याळ

याच काळातली दुसरी सवलत कोणीच आठवत नाही. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने बांधकाम प्रकल्पांच्या प्रीमियममध्ये ५० टक्के सूट दिली, वर्षअखेरपर्यंत. प्रीमियम म्हणजे जादा चटईक्षेत्र, जिना, लिफ्ट, लॉबी वगैरेंसाठी महापालिकेला भरायची रक्कम. मुंबईत ती प्रकल्पखर्चाचा मोठा हिस्सा असते. अट अशी की जो बिल्डर ही सूट घेईल त्याने त्या प्रकल्पातल्या ग्राहकांचे मुद्रांक शुल्क स्वतः भरायचे.

"सवलत पुढे पोचवा" असा उपदेश करण्याऐवजी पोचवण्याची अटच घातली, हे मला आवडले. पण बिल्डर शुल्क भरणार म्हटल्यावर तो मूळ दरच तेवढा चढा सांगू शकतो. चढ्या मोबदल्यावर पुढे टक्केवारीने बाकीचे खर्चही वाढतात. जाहिरातीत "शून्य मुद्रांक शुल्क" दिसले की आधी शेजारच्या इमारतीची सूची २ काढावी, मग आनंद मानावा.

अबोली

महिलांच्या १ टक्का सवलतीबद्दल इथे गैरसमज फार दिसतात, म्हणून लिहिते.

१ एप्रिल २०२१ पासून लागू. फक्त निवासी घरासाठी, दुकान किंवा मोकळ्या प्लॉटसाठी नाही. दस्तात खरेदीदार म्हणून फक्त महिला हव्यात. पती-पत्नी दोघांची नावे असतील तर अर्धीही सवलत मिळत नाही. मुंबईत ६ ऐवजी ५ टक्के, पुण्यात ७ ऐवजी ६.

सुरुवातीला अट होती की असे घर १५ वर्षे पुरुषाला विकता येणार नाही. विकल्यास सवलतीची रक्कम दंडासह भरायची. म्हणजे मालकीण झालेल्या बाईला पुढचे गिऱ्हाईक शोधताना निम्मा बाजार बंद. ही अट २०२३ मध्ये काढली, आणि काढली ते उत्तमच झाले.

अडचण येते ती कर्जात. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर आणि हप्ते पतीच्या पगारातून, अशी मांडणी केली तर १ टक्का वाचतो, पण पती मालक नसल्याने त्याला जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट मागता येत नाही. सहकर्जदार असून चालत नाही, सहमालक असावे लागते. तेव्हा घरातली कोणाची मिळकत किती आणि कोण कोणत्या करप्रणालीत, हे बघून नावे ठरवा. ज्या घरात बाईच्या नावावर आजवर काहीच नव्हते तिथे मी १ टक्क्याच्या हिशेबापेक्षा सूची २ वर तिचे नाव लागणे मोठे मानते.

करवसूल

आता बांधकाम सुरू असलेल्या घरावरचा जीएसटी. १ एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घराला १ टक्का, बाकीच्यांना ५ टक्के, आणि बिल्डरला बांधकाम साहित्यावर भरलेल्या कराची वजावट (क्रेडिट) नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या घराला जीएसटी नाही.

"परवडणारे" ठरायला दोन्ही गोष्टी हव्यात: किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट महानगर क्षेत्रात ६० चौरस मीटरपर्यंत, इतरत्र ९०. मुंबई महानगर प्रदेश पूर्ण ६० मध्ये येतो. पुणे मात्र या यादीत नाही, तिथे ९० चालते. हे पुण्यातल्या पुष्कळ खरेदीदारांना माहीतच नसते.

४५ लाखांची रेघ कडक आहे:
४५,००,००० वर १ टक्का = ४५,०००
४५,१०,००० वर ५ टक्के = २,२५,५००

भाव १० हजारांनी वाढला आणि कर १ लाख ८० हजार ५०० ने. त्यामुळे ४५ च्या जरा वर कोणी भाव ठेवतच नाही. ४४ लाख ९० हजार लिहितात आणि उरलेले पार्किंग, क्लबहाउस, विकास आकार अशा नावांनी वेगळे घेतात. इथेच घोळ होतो. ४५ लाख मोजताना हे आकारही एकूण रकमेत धरायचे असतात. पार्किंगचे ३ लाख वेगळ्या पावतीने घेतले तरी घर ४७ लाख ९० हजारांचे झाले आणि दर ५ टक्के लागला. पुढे तपासणीत फरक निघाला की बिल्डर तो ग्राहकाकडे मागतो, कारण करारात "सर्व कर ग्राहकाकडे" हे कलम असतेच. सही करण्याआधी सगळ्या आकारांची बेरीज एका कागदावर लिहून मागा.

ही मर्यादा २०१९ ची आहे. सप्टेंबर २०२५ च्या मोठ्या फेरबदलातही ती हलली नाही. घरे महागली आणि रेघ तिथेच राहिली, तर सवलत न रद्द करताच आपोआप आटत जाते. मुंबईत ४५ लाखांत नवे घर शोधून दाखवा.

पायवाट

करवसूल, २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आले. त्याने घरे किती स्वस्त व्हायला हवीत?

करवसूल

ढोबळ हिशेब करू. करापूर्वी ३०० रुपयांची गोणी धरली तर २८ टक्क्यांनी ३८४ आणि १८ टक्क्यांनी ३५४. गोणीमागे ३० रुपये. साध्या आरसीसी बांधकामाला चौरस फुटाला साधारण ०.४ गोणी लागते. म्हणजे चौरस फुटाला १२ रुपये, १,००० फुटांना १२ हजार.

ज्या घराचा विक्रीदर फुटाला ६,००० आहे तिथे हे ०.२ टक्के झाले. म्हणून "सिमेंटचा कर उतरला, घरे स्वस्त होणार" यावर विसंबून खरेदी लांबवू नये. शहरात किमतीचा मोठा भाग जमिनीचा आणि प्रीमियमचा असतो. गावाकडे स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला मात्र हे १२ हजार थेट हातात दिसतात, कारण गोणी तोच विकत घेतो. दुकानदाराकडून छापील कर दाखवणारे बिल घ्या, म्हणजे दर १८ टक्केच लावला ना हे कळेल.

आणि कपात पुढे न दिल्याची तक्रार करण्यासाठी जीएसटीत नफेखोरीविरोधी तरतूद होती, तिच्याखाली १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारी घेणे बंद झाले. आता भरवसा स्पर्धेवर.

वजाबाकी

प्राप्तिकराचे लिहितो. "गृहकर्ज घे, टॅक्स वाचेल" हा सल्ला अजून फिरतो आहे. बहुसंख्य पगारदारांसाठी तो आता लागू नाही.

आर्थिक वर्ष २०२५-२६, पगार १५ लाख. नवी करप्रणाली: ७५ हजार प्रमाणित वजावट जाऊन १४ लाख २५ हजार. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २० हजार, ८ ते १२ वर १० टक्के म्हणजे ४० हजार, उरलेल्या २ लाख २५ हजारांवर १५ टक्के म्हणजे ३३,७५०. एकूण ९३,७५०, उपकर धरून ९७,५००.

जुन्या प्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट जाऊन १४ लाख ५० हजार. कर ९३,७५० वर आणायचा तर करपात्र उत्पन्न ९,०६,२५० व्हायला हवे. म्हणजे आणखी ५,४३,७५० च्या वजावटी लागतात. ८०सी चे (विमा, भविष्य निर्वाह निधी अशा बचतीचे) दीड लाख, स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाचे जास्तीत जास्त २ लाख, आरोग्यविम्याचे २५ हजार: झाले ३ लाख ७५ हजार. उरलेले १ लाख ६८ हजार कुठून आणणार? घरभाडे भत्त्यातून आले असते, पण स्वतःच्याच घरात राहणाऱ्याला तो मिळत नाही.

५० लाखांचे कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षे: हप्ता ४३,३९१. पहिल्या वर्षी व्याजच सुमारे ४ लाख २० हजार जाते, त्यातल्या २ लाखांनाच जुन्या प्रणालीत वजावट होती. नवीत राहत्या घराला शून्य. घर भाड्याने दिले असेल तर नव्या प्रणालीत व्याज वजा होते, पण भाड्याच्या उत्पन्नापुरतेच. तोटा पगारातून वजा करता येत नाही, पुढेही ओढता येत नाही.

हा बदल मला योग्य वाटतो. आधीची रचना मोठे कर्ज घेणाऱ्याला बक्षीस देत होती आणि भाड्याने राहून बचत करणाऱ्याला काही नाही. पण ज्यांनी २०१५-१८ च्या सुमारास ही वजावट गृहीत धरून वीस वर्षांचे हप्ते बांधून घेतले, त्यांचे गणित मध्येच बदलले, हे त्यांचे दुःख खरे आहे. ज्यांना जुनी प्रणाली अजून फायद्याची आहे त्यांनी विवरणपत्र मुदतीतच भरावे. मुदत टळली की जुनी निवडता येत नाही.

कोष्टक

रेघेची आणखी एक जागा, यात लोक नकळत अडकतात.

करारातली किंमत रेडीरेकनरपेक्षा कमी असेल तर मुद्रांक शुल्क रेडीरेकनरवर लागते, हे सर्वांना माहीत आहे. प्राप्तिकराचा नियम त्यापुढे जातो. फरक करारातल्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त झाला तर पूर्ण फरक खरेदीदाराचे उत्पन्न धरला जातो, आणि विकणाऱ्याचा भांडवली नफाही रेडीरेकनरवर मोजतात.

रेडीरेकनर १ कोटी, करार ९१ लाख: फरक ९ लाख, मर्यादा ९ लाख १० हजार. कर नाही.
रेडीरेकनर १ कोटी, करार ९० लाख: फरक १० लाख, मर्यादा ९ लाख. पूर्ण १० लाख उत्पन्नात, ३० टक्केवाल्याला ३ लाख कर अधिक उपकर.

१ लाख स्वस्त मिळाले म्हणून ३ लाखांचा खड्डा. जिथे बाजार पडलेला आणि रेडीरेकनर चढा असतो, तिथे खरा प्रामाणिक सौदाही यात सापडतो.

आणि ५० लाख किंवा जास्त किमतीच्या खरेदीत १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून आधीच कापायचा प्राप्तिकर) खरेदीदाराने कापायचा. पूर्ण रकमेवर, ५० च्या वरच्या भागावर नव्हे. ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत तो विवरणासह सरकारकडे भरायचा. दोन खरेदीदार असतील तर दोघांनी वेगवेगळा. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये.

कोकणकडा

चांगली चर्चा. एक मुद्दा राहतोय.

मुद्रांक शुल्क हा घर असण्यावरचा कर नाही, घर बदलण्यावरचा आहे. पुण्यात ७ टक्के म्हणजे ८० लाखांच्या घराला ५ लाख ६० हजार. नोकरी हिंजवडीहून खराडीला गेली तर माणूस घर विकून तिकडे जात नाही, रोज दीड तास गाडीत बसतो. म्हातारे जोडपे तीन खोल्यांचे घर सोडून लिफ्ट असलेल्या लहान घरात जात नाही. हा खर्च कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही, पण शहर तो रोज भरते.

मग राज्य ते कमी का करत नाही? कारण २०२३-२४ मध्ये मुद्रांक व नोंदणीतून सुमारे ५० हजार कोटी आले. जीएसटी आल्यावर राज्यांच्या हातात स्वतः दर ठरवता येतील असे मोजकेच कर उरले, त्यातला हा एक.

दरवर्षीचा मालमत्ता कर नीट वसूल झाला तर घर बदलण्यावरचा कर उतरवायला जागा होईल, असे माझे ठाम मत आहे. पण तिथे आपण उलट दिशेने गेलो. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना माफी आहे. ५०१ फुटांच्या घराला पहिल्या ५०० फुटांचीही सूट नाही, पूर्ण कर. ही माफी टप्प्याटप्प्याने ठेवली असती तर कमी खर्चात जास्त लोकांना न्याय मिळाला असता.

दस्तखत

कोकणकडा, पुण्याचे एक जोडतो, कारण तिथे लोक स्वतःच्या हक्काची सवलत घालवून बसतात. स्वतः राहत असलेल्या घराला महापालिका मालमत्ता करात ४० टक्के सवलत देते. मध्यंतरी बंद झालेली ही सवलत १ एप्रिल २०२३ पासून पुन्हा सुरू झाली. ज्यांच्या बिलात ती आपोआप लागत नाही त्यांनी पीटी-३ अर्ज द्यायचा, सोबत आपण तिथेच राहतो याचे पुरावे. जुन्या मालकाच्या नावावरचे बिल तसेच भरत राहिलात तर अर्जात नाव जुळत नाही. आधी सूची २ लावून आकारणीला नाव लावून घ्या, मग पीटी-३.

थकीत बिलावर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. म्हणून "सवलत मंजूर झाली की भरू" असे करू नका. अर्ज दिल्याची पोच सांभाळा आणि बिल वेळेत भरा. जास्त गेलेली रक्कम पुढच्या बिलात वळती करायला सांगता येते.

वाळूघड्याळ

दस्तखत, ई-सर्चवर २०२० चे दस्त शोधताना मिळकत क्रमांकात फ्लॅट क्रमांक टाकायचा की सर्व्हे क्रमांक? दोन्ही टाकून सारखे "नोंद आढळली नाही" येते.

दस्तखत

ग्रामीण भागात सर्व्हे किंवा गट क्रमांक, मुंबईत सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक. फ्लॅट क्रमांक टाकायचा असेल तर नुसता अंक टाका, पुढे "फ्लॅट" किंवा विंगचे अक्षर नको. गावाचे नाव आजच्या बोलीतले चालत नाही, महसुली नाव लागते. इमारतीचा कोणताही जुना करारनामा काढा, मिळकतीच्या वर्णनात "मौजे" नंतर जे नाव छापले आहे तेच यादीतून निवडा.